परदेशी खर्चावर कार्डाचं मार्कअप: पैसे नेमके कुठं कापले जातात आणि कसे वाचवायचे

शिरोली_फौंड्री (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून आता कितीतरी रकमा कार्डावरूनच बाहेर जातात. कास्टिंग सिम्युलेशनचं लायसन्स, ड्रॉइंग उघडायचं सॉफ्टवेअर, स्टँडर्डच्या पीडीएफ, प्रदर्शनाची प्रवेश फी. जर्मनीत डुसेलडोर्फच्या 'गिफा' या फौंड्री प्रदर्शनाला जायचं ठरलं तर हॉटेलपासून ट्रामच्या तिकिटापर्यंत सगळं युरोत. महिनाअखेरीला अकाउंटंटचं घोडं तिथंच अडतं. इनव्हॉइस १२० डॉलरचं, त्या दिवशीच्या दरानं गुणून येते ती रक्कम एक, स्टेटमेंटवर दुसरीच, आणि खाली आणखी दोन बारीक ओळी.

त्या ओळी कशाच्या? शून्य मार्कअपचं, म्हणजे परदेशी चलनावर बँकेचं जादा शुल्क नसलेलं, कार्ड घेतलं की विषय मिटतो का? दुकानदार 'रुपयात लावू का' म्हणाला तर काय सांगायचं? आधीच परदेशी चलन भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड बरं की क्रेडिट कार्ड? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती. हा धागा पुढच्यांना उपयोगी पडावा.

सीए_ताराराणी_चौक

आधी स्टेटमेंट वाचू. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ८५ रुपये धरते, तुम्ही तुमच्या दिवसाचा दर घाला.

१२० डॉलर गुणिले ८५ म्हणजे १०,२०० रुपये. हा दर तुमची बँक ठरवत नाही, कार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड जे छापलंय त्या नेटवर्कचा तो दर असतो. तो बाजारभावाच्या जवळ राहतो, त्यामुळं इथं फारसं जात नाही.

त्यावर बँकेचं फॉरेन करन्सी मार्कअप. आपल्याकडच्या बहुतेक साध्या कार्डांना ३.५ टक्के असतं, म्हणजे ३५७ रुपये. मग या ३५७ वर १८ टक्के जीएसटी, ६४ रुपये २६ पैसे. एकूण १०,६२१ रुपये २६ पैसे.

म्हणजे बँक ३.५ सांगते, खिशातून ४.१३ टक्के जातात. २ टक्क्यांचं कार्ड २.३६ ला पडतं. जीएसटी फक्त मार्कअपवर आहे, मूळ १०,२०० वर नाही. हे बरेच जण उलटं समजतात आणि उगाच घाबरतात.

आता आकडा का जुळत नाही. तुम्ही सोमवारी पैसे भरता, मेसेजही सोमवारी येतो, पण तो अंदाजी रुपयांचा असतो. व्यवहार नेटवर्ककडून बँकेत पक्का होऊन यायला एक ते तीन दिवस लागतात, आणि दर लागतो तो बहुतेक वेळा पक्का होण्याच्या दिवसाचा. शिवाय काही बँका मार्कअप दरातच मिसळून एकच रक्कम दाखवतात, काही वेगळी ओळ करतात. ती ओळ कधी कधी चार दिवसांनी येते, तर कधी थेट बिलाच्या तारखेला. अकाउंटंटला सांगा, त्या महिन्याच्या डॉलरच्या सगळ्या रकमा आणि मार्कअपच्या सगळ्या ओळी समोरासमोर मांडायच्या.

पडताळणी अशी: व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही साइटवर दर काढायचं कॅल्क्युलेटर आहे. तारीख व्यवहार पक्का झाल्याची घाला. 'बँक फी'चा रकाना असतो, तिथं शून्य ठेवा. आलेली रक्कम स्टेटमेंटवरच्या एकूण रकमेतून वजा करा आणि फरकाला कॅल्क्युलेटरच्या रकमेनं भागा. ४.१३ टक्के आले तर हिशेब चोख. ६-७ टक्के आले तर मध्ये कुणीतरी आणखी हात मारलाय, आणि तो बहुतेक दुकानातल्या मशीनवर.

मंगळवार_पेठ

ताई, तुम्ही शेवटी जे म्हणालात तेच सगळ्यात जास्त खातं, आणि टाळायला एक पैसा लागत नाही.

दुबईत मॉलमध्ये ४५० दिऱ्हॅमचं बिल झालं. कॅशियर मशीन तुमच्याकडं फिरवतो. स्क्रीनवर दोन ओळी: वर एईडी ४५०.००, खाली आयएनआर आणि रुपयांचा आकडा. त्याच्याखाली बारीक अक्षरात दर आणि मार्कअपची टक्केवारी. रुपयाची ओळ ओळखीची वाटते, माणूस तीच दाबतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. यात रुपयाचा दर व्हिसा-मास्टरकार्डचा नसतो, दुकानदार आणि त्याची बँक मिळून लावतात, आणि तो चांगलाच वाढीव असतो.

इतकंच नाही. रुपयात दिले म्हणून आपली बँक गप्प बसत नाही. दुकान परदेशातलं असल्यानं बऱ्याच बँका रुपयातल्या या व्यवहारावरही साधारण १ टक्का आणि त्यावर जीएसटी घेतात. ताईंचंच १२० डॉलरचं उदाहरण घ्या. १०,२०० च्या खरेदीवर मशीननं ५ टक्के वाढीव दर लावला तर १०,७१०. त्यावर १ टक्का १०७ रुपये १० पैसे, जीएसटी १९ रुपये २८ पैसे. एकूण १०,८३६ रुपये ३८ पैसे. डॉलरमध्येच लावलं असतं तर साध्या ३.५ टक्क्यांच्या कार्डावर १०,६२१. शून्य मार्कअपचं कार्ड असून रुपयाचं बटण दाबलं तर ६३६ रुपये निव्वळ पाण्यात.

म्हणून कार्ड देतानाच 'लोकल करन्सी' एवढं सांगा. मशीन हातात येईपर्यंत थांबू नका, कॅशियर गर्दीत स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. पावती हातात आल्या आल्या चलन बघा. आयएनआर छापून आलं असेल तर तिथंच उभं राहून व्यवहार व्हॉइड, म्हणजे रद्द, करायला सांगा आणि स्थानिक चलनात पुन्हा स्वाइप करा. व्हॉइड त्याच दिवशी, दुकानाची बॅच, म्हणजे दिवसभराच्या कार्ड व्यवहारांचा हिशेब, बंद होण्याआधी होतं. दुसऱ्या दिवशी गेलात तर रिफंड करतील, आणि रिफंड म्हणजे पुन्हा एकदा दर लागणार.

हॉटेलात चेक-आउटला विशेष जपा. कार्ड पहिल्या दिवशी घेऊन ठेवलेलं असतं, बिल तुमच्या गैरहजेरीत रुपयात लागू शकतं. चेक-इनच्या फॉर्मवर सही करण्याआधी चलनाच्या चौकटीत आधीच खूण केलेली नाही ना, ते वाचा.

एटीएमवरही हाच प्रश्न येतो: 'विथ कन्व्हर्जन' की 'विदाउट कन्व्हर्जन'. नेहमी विदाउट. नाकारलं म्हणून पैसे अडत नाहीत. स्क्रीनची भाषा मात्र अशी असते की नाकारलं तर व्यवहारच रद्द होईल असं वाटावं.

राजारामपुरी_७वी_गल्ली

कार्डांबद्दल लिहितो. शून्य मार्कअपची म्हणून लोकांच्या हातात दिसणारी म्हणजे फेडरल बँकेचं स्कॅपिया, आयडीएफसी फर्स्टचं वॉव, आरबीएलचं वर्ल्ड सफारी. २ टक्क्यांच्या गटात एचडीएफसीची रेगालिया गोल्ड आणि इन्फिनिया. बाकी बहुतेक साधी कॅशबॅक कार्डं ३.५ टक्क्यांवर.

पण फक्त मार्कअप बघून कार्ड निवडू नका. मनात एवढं गणित करा: मार्कअप गुणिले १.१८, त्यातून त्या खर्चावर मिळणाऱ्या पॉइंटची खरी किंमत वजा. २ टक्क्यांच्या कार्डावर परदेशी खर्चाला खरोखर वापरता येतील असे ३ टक्क्यांचे पॉइंट मिळत असतील तर ते शून्य मार्कअपच्या बिनपॉइंटच्या कार्डापेक्षा स्वस्त पडतं. उलट पॉइंट नुसते साठून कालबाह्य होत असतील तर त्यांची किंमत शून्यच धरा. स्वतःशी प्रामाणिक राहून धरा, बहुतेकांचं इथंच चुकतं.

वार्षिक फीचंही तसंच. ३,००० रुपये फीचं कार्ड जीएसटीसकट ३,५४० ला पडतं. ३.५ टक्क्यांच्या कार्डाऐवजी ते घेऊन फी वसूल व्हायला वर्षाकाठी साधारण ८६ हजारांचा परदेशी खर्च हवा. महिन्याला दोन हजारांचं एखादं सबस्क्रिप्शन असलेल्यानं फी नसलेलंच कार्ड बघावं.

ज्यांचा उत्पन्नाचा कागद कमी पडतो, म्हणजे नुकताच धंदा सुरू केलेले किंवा शिकणारी मुलं, त्यांना एफडीवर मिळणारं कार्ड हा चांगला रस्ता. वॉव त्याच प्रकारातलं आहे. एफडीचं व्याज चालू राहतं.

कुठलंही कार्ड घेण्याआधी बँकेच्या साइटवरचं एमआयटीसी, म्हणजे मुख्य अटींचं पत्रक उघडा आणि 'फॉरेन करन्सी' शब्द शोधा. विक्रेत्याच्या तोंडच्या टक्केवारीवर जाऊ नका. शुल्क वाढवायचं असेल तर बँकेला किमान एक महिना आधी कळवावं लागतं, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. वाढ पटली नाही तर कार्ड परत करता येतं, त्याचा वेगळा आकार घेता येत नाही. त्या ईमेल न वाचता पुसू नका एवढंच.

हुपरी_चांदी

एक शंका. ऑनलाइन सबस्क्रिप्शनचं बिल रुपयात येतं, साइटवर किंमतही रुपयात दिसते, तरी स्टेटमेंटवर १ टक्क्याची ओळ. हे कसं?

मंगळवार_पेठ

भाऊ, किंमत रुपयात असणं आणि कंपनीचे पैसे भारतात जमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी. कंपनी रुपयात किंमत लावते पण पैसे सिंगापूर किंवा आयर्लंडच्या खात्यात घेते. आपल्या बँकेच्या लेखी तो परदेशातला रुपयातला व्यवहार, म्हणून डीसीसीसारखंच शुल्क.

ओळखायचा सोपा मार्ग आहे. बँकेच्या अॅपमध्ये 'इंटरनॅशनल युसेज'चं बटण असतं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं ऑक्टोबर २०२० पासून नवीन आणि बदलून आलेल्या कार्डांवर ते मुळात बंदच येतं, आपण चालू करायचं. ते बंद ठेवून पैसे भरून बघा. गेले तर व्यवहार देशी. नाकारले आणि कारणात इंटरनॅशनल बंद असल्याचं दिसलं, तर कंपनी पैसे बाहेर घेते. मग शून्य मार्कअपचं कार्ड वापरा, पण त्याआधी रुपयातल्या परदेशी व्यवहारावर त्याचं शुल्क किती आहे ते पत्रकात वेगळं बघा. मार्कअप शून्य म्हणून तेही शून्य असेलच असं नाही. साइटवर डॉलरमध्ये भरायचा पर्याय असेल तर शून्य मार्कअपच्या कार्डावर तोच बरा.

पेपालवर पण एक सापळा आहे. कार्ड भारतातलं दिसलं की पेपाल स्वतःच्या दरानं रुपयात बदलून देऊ पाहतं. पैसे भरायच्या पानावर चलन बदलण्याच्या पर्यायात जाऊन विक्रेत्याच्या इनव्हॉइसच्या चलनातच बिल लावायला सांगा.

सीए_ताराराणी_चौक

यालाच जोडून, धंदेवाल्यांनी मुळात डॉलरची गरज आहे का ते तपासावं. गूगलच्या जाहिरातीचं खातं भारताचा पत्ता आणि रुपया चलन निवडून उघडलं तर मार्कअपचा प्रश्नच येत नाही. खातं एकदा डॉलरमध्ये उघडलं की त्याचं चलन बदलत नाही, नवीन खातं काढावं लागतं. एडब्ल्यूएस, म्हणजे अॅमेझॉनची क्लाउड सेवा, हीसुद्धा भारतातल्या ग्राहकाला भारतीय कंपनीमार्फत रुपयात बिल देतं.

जिथं डॉलर अटळ आहे तिथं जीएसटी नंबर त्या कंपनीच्या खात्यात भरा. मग ती बिलात कर लावत नाही. १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जखाली, म्हणजे विक्रेत्याऐवजी घेणाऱ्यानं, तुम्ही रोखीनं भरायचा, जीएसटीच्या ३ बी विवरणपत्राच्या ३.१ (डी) मध्ये दाखवायचा आणि ४ (ए)(२) मध्ये त्याच महिन्यात क्रेडिट घ्यायचं. नंबर नाही भरला तर ती कंपनी ग्राहक समजून कर लावते, आणि त्याचं क्रेडिट मिळत नाही.

मार्कअपवरच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळतं, पण कार्ड फर्मच्या नावावर असेल आणि बँकेकडं फर्मचा जीएसटी नंबर नोंदवलेला असेल तरच. मालकाच्या वैयक्तिक कार्डावर केलेल्या खर्चात तो कर बुडाला. नंबर नसेल तर आजच नोंदवा, मागच्या महिन्यांचं दुरुस्त करून मिळेल या भरवशावर राहू नका.

पंचगंगा_घाट

माझं मत स्पष्ट आहे, फॉरेक्स कार्ड घ्या आणि मोकळे व्हा. दर आधीच बांधलेला, डोक्याला ताप नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली

दादा, दर बांधला जातो हे खरं, पण तो बँकेचा विक्री दर असतो आणि त्यात तिचा फरक आधीच धरलेला असतो. मार्कअप नावाची ओळ नाही म्हणून फुकट वाटतं. भरणा करताना त्या दिवशीचा व्हिसाचा दर आणि बँकेचा विक्री दर शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसेल. त्यावर चलन बदलण्याचा जीएसटी किमान ४५ रुपये, कार्ड देण्याची फी वेगळी.

खरा फटका पुढं बसतो. कार्डात डॉलर भरले आणि थायलंडला बाटमध्ये खर्च केला, तर क्रॉस करन्सी शुल्क लागतं, अनेक कार्डांवर ते ३.५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे फॉरेक्स कार्ड घेऊनही क्रेडिट कार्डाएवढंच गेलं. ज्या देशात जाताय तेच चलन भरायचं, ते कार्डावर मिळत नसेल तर फॉरेक्स कार्ड नकोच. आणि उरलेले पैसे परत रुपयात घेताना खरेदी दर लागतो, तिथंही घट.

मात्र रोख काढायला फॉरेक्स कार्डच. क्रेडिट कार्डानं परदेशी एटीएममधून पैसे काढणं हा सगळ्यात महाग प्रकार: साधारण २.५ टक्के आणि किमान ५०० रुपये रोख काढण्याची फी, वर मार्कअप, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. पन्नास दिवसांची सवलत रोखीला नसते. घाईत फक्त एवढं लक्षात ठेवा की क्रेडिट कार्ड एटीएममध्ये घालायचं नाही.

सीए_ताराराणी_चौक

आणि फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, मोजली जाते. वर्षाला १० लाखांच्या वर गेलं तर प्रवासखर्चासारख्या कारणासाठी वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आधीच गोळा केलेला आयकर. ही १० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची, आधी ७ लाख होती. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या यात धरत नाहीत, अर्थ मंत्रालयानं २८ जून २०२३ ला ते पुढं ढकललं. टीसीएस हा खर्च नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकून पडतात.

पंचगंगा_घाट

क्रॉस करन्सीचा मुद्दा मान्य, तो विचारात घेतला नव्हता. मग मुलं जर्मनी-आयर्लंडला शिकायला जातात त्यांची फी कार्डावर भरावी का? पॉइंट मिळतात म्हणून बरेच पालक तसं करतात.

सीए_ताराराणी_चौक

नाही. हे ठामपणे सांगते, कारण इथं हजारांचा प्रश्न आहे.

१० लाखांची फी ३.५ टक्क्यांच्या कार्डावर भरली तर ४१,३०० रुपये वर गेले. विद्यापीठ कार्डानं घेण्याचे वेगळे पैसे लावत असेल तर ते आणखी. तीच फी बँकेतून ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरून थेट पाठवली तर चलन बदलण्याचा जीएसटी असा निघतो: १ लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का, पुढं १० लाखांपर्यंत १,००० अधिक वरच्या रकमेच्या अर्धा टक्का. १० लाखांना हे ५,५०० होतात, आणि त्यावर १८ टक्के म्हणजे ९९० रुपये. शिवाय पाठवण्याची फी आणि दरातला फरक. त्या दरातल्या फरकावर बँकेशी घासाघीस करता येते, आणि करायलाच हवी. दोन-तीन बँकांचा त्याच दिवशीचा, त्याच तासाचा दर लेखी मागा. शाखेत 'आज काय दर आहे' एवढंच विचारलं तर फळ्यावरचा दर सांगतात, रक्कम सांगून 'कमीत कमी किती लावाल' विचारलं की तो खाली येतो.

शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएसही नाही, फक्त कर्ज आयकर कायद्यानं शैक्षणिक कर्जासाठी ठरवून दिलेल्या संस्थेचं हवं.

कार्ड मुलाच्या हातात द्या ते रोजच्या खर्चाला, आणि ते शून्य मार्कअपचं.

हुपरी_चांदी

रिफंडचं राहिलं. हॉटेल रद्द केलं की पूर्ण पैसे परत येतात का?

मंगळवार_पेठ

परदेशी चलनात पूर्ण येतात, रुपयात येतीलच असं नाही. रिफंडला त्या दिवशीचा दर लागतो, आणि पहिल्यांदा कापलेलं मार्कअप आणि जीएसटी बऱ्याच बँका परत करत नाहीत. म्हणून बेत पक्का नसेल तर आगाऊ पैसे भरायची खोली घेऊ नका, 'तिथं पोचल्यावर पैसे' असा पर्याय घ्या.

गाडी भाड्यानं घेताना किंवा हॉटेलात ठेव म्हणून जी रक्कम अडवतात ती वेगळी. तो नुसता होल्ड असतो, तेवढी लिमिट अडते, पण पक्का व्यवहार होत नाही तोवर मार्कअप लागत नाही, आणि काही दिवसांनी आपोआप सुटतो. काउंटरवर विचारून घ्या: ही रक्कम होल्ड आहे की चार्ज? चार्ज करून परत देणार असतील तर दोन्हीकडून दर लागणार. लिमिट कमी असेल तर होल्डसाठी वेगळं कार्ड ठेवा, नाहीतर जेवणाच्या बिलाला कार्ड नाकारलं जातं.

शिरोली_फौंड्री (धागाकर्ता)

मंडळी, एवढं तपशिलात कुणी लिहिलेलं वाचायला मिळालं नव्हतं. मनापासून आभार. एकच राहिलं: न विचारता रुपयात लावलं आणि तिथं लक्षात आलं नाही, तर इकडं आल्यावर काही करता येतं का?

सीए_ताराराणी_चौक

येतं. नेटवर्कच्या नियमानं दुकानदारानं चलन निवडायची मुभा द्यायलाच हवी. दुकानाची पावती जपून ठेवा, तिच्यावर रुपयाचा आकडा, दर आणि बहुतेक वेळा 'मी चलन निवडलं' असं वाक्य छापलेलं असतं. त्याखाली सही केलेली असेल तर बाजू कमकुवत. सही नसेल तर अॅपमधून किंवा ईमेलनं बँकेकडं डिस्प्यूट टाका. कारणात 'संमतीशिवाय डीसीसी' लिहा, नुसतं 'रक्कम चुकीची' लिहिलं तर सरळ नाकारतात. पावतीचा फोटो आणि मूळ चलनातलं बिल जोडा.

स्टेटमेंट हाती आल्यावर थांबू नका, नेटवर्कच्या मुदती ठरलेल्या असतात. तक्रार क्रमांक लेखी घ्या. बँकेनं ३० दिवसांत स्पष्टीकरण द्यायचं असतं. दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर तक्रार विनाशुल्क होते, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. बँकेकडं आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो, त्याशिवाय तिथं दाखल करून घेत नाहीत.